अण्णांच्या गोष्टीला हुंकार

सातपूरच्या आमच्या घराला काही वर्षं एरंडेलाचा वास होता. साध्या नाही, जळक्या एरंडेलाचा. पहिल्यांदा येणारा पाहुणा चप्पल काढता काढता नाक वर करून हुंगायचा आणि मग हळूच आईला विचारायचा, घरात कोणी बाळंतीण आहे का. "आहे ना," आई म्हणायची, "मागच्या शेडमध्ये. साठी उलटलीय, मिशा आहेत." त्या बाळंतिणीचं नाव दामोदर अहिरे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाला एरंडेलच हवं, बाकीची तेलं म्हणजे नुसतं पाणी, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मतं त्यांच्याकडे पुष्कळ होती. आजही कुठे तो वास आला की मी तिथून उठते. कुणी विचारलंच तर डोकं दुखतंय म्हणते.

वडील ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. सकाळी कारखान्याच्या बसने जात, संध्याकाळी परत येत, आणि घरी आल्यावरही त्यांची तपासणी चालूच असे. गॅसचं बटण, टाकीचा नळ, माझ्या सायकलचे ब्रेक. निवृत्तीनंतर स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचं म्हणून त्यांनी घरामागे पत्र्याची शेड बांधून ठेवली होती. तिच्यात एक जुना लेथ आणि आईच्या लोणच्याच्या बरण्या एवढंच सामान. कुणा ओळखीच्याने अण्णांना आणलं आणि वडिलांनी शेड देऊन टाकली. मला वाटतं, त्या लेथवर कुणीतरी खरं काम करील एवढीच त्यांची आशा होती. बरण्या स्वयंपाकघरात आल्या.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका दुपारी घरी आले तर शेडच्या कोब्यावर एक तरुण उताणा पडलेला, आणि एक म्हातारा रांगत रांगत त्याच्याभोवती खडूने रेघ ओढतोय. मी दारातच थबकले. पोलीस मुडद्याभोवती अशी रेघ ओढतात एवढं मला माहीत होतं.

मुडदा म्हणाला, "ताई, यांना सांगा ना जरा. खाली लय गार हाय."

"गप पड," म्हातारा म्हणाला. "हाललास तं खांदा चुकंल, आन् मंग शर्यतीत बोंबलशील." मग माझ्याकडे न बघता, "वहिनींची पोरगी का? ये. पाय पुसून ये."

मी विचारलं, हे काय चाललंय. "गाडी काढतोय," ते म्हणाले. "बाकीचे लोक आधी गाडी काढतात, मंग तिच्यात मानूस कोंबतात. गाडी मानसाच्या मापानं शिवायची असती, शर्टावानी."

पडलेला होता तो किशोर, अण्णांचा पुतण्या. सटाण्याकडे घरची कांद्याची शेती होती, पण तो शेतात कमी आणि मोटारसायकलींच्या चिखलातल्या शर्यतींत जास्त असे. वडिलांचं काम काय ते कळल्यावर त्याने पडल्या पडल्या मला सलाम ठोकला. "म्हणजे तुम्ही छोट्या इन्स्पेक्टर." पुढे 'छोट्या' गळून पडलं, 'तुम्ही'चं 'तू' झालं, 'इन्स्पेक्टर' राहिलं.

त्या खडूच्या माणसाभोवती हळूहळू गाडी उगवली. पाठीमागे कललेली बसायची जागा, पावलांपाशी पेडल, पाठीला लागून इंजिन, चार कोपऱ्यांना चार उघडी चाकं. आई शेड झाडताना गाडीला वळसा घालून झाडायची. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं कोइमतूरला काढली होती. बागलाणातल्या खेड्यातून पोरवयात पळून गेले ते थेट तिकडेच, गॅरेजमध्ये पार्ट धुवायला लागले आणि धुता धुता इंजिनं बांधायला शिकले, मग गाड्याच काढायला लागले. देशात अशा गाड्या बनवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक बोट आपण, हे ते स्वतःच सांगत. विनय त्यांना माहीत नव्हता. परत आले ते बायको गेल्यावर, एक शेवटची गाडी आपल्या मुलखात बांधायची म्हणून. ती कोइमतूरचे राजगोपाल नावाचे एक जुने मालक येऊन बघणार होते. त्यांना पसंत पडली तर तशाच आणखी गाड्या बांधून त्या शर्यतीत उतरवणार होते. अण्णांच्या हयातीचं काम त्या एका गाडीवर येऊन टेकलं होतं, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

शेडमध्ये दोन वास असत. एक एरंडेलाचा, दुसरा कॉफीचा. अण्णांकडे पितळी फिल्टर होता. त्यातून थेंब थेंब गळणारी काळी कॉफी ते दोन पेल्यांत उंचावरून ओतून फेसाळत. जेवण मात्र बागलाणातलं लागायचं. आई मूळची देवळ्याची. आमच्या घरात ती माहेरची बोली कधी बोलली नव्हती, कारण वडील शहरी, आजोळची भाषा म्हणजे त्यांना थट्टेचा विषय. अण्णा आल्यावर ती मागच्या पायरीवर उभी राहून हाक मारायला लागली, "जेवण व्हयनं का, अण्णा?" आणि आतून "नही व्हयनं, वहिनी" असं आलं की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. मग कळण्याची भाकरी, उडदाची आमटी, तव्यावर रगडलेल्या हिरव्या मिरच्या. ओझरकडून एखादं लढाऊ विमान चाचणीला निघालं की पत्रा थरथरायचा आणि आम्ही सगळे बोलता बोलता थांबायचो. अण्णा थांबत नसत. ते आपली गोष्ट पुढे सांगत राहायचे. आम्हाला वाटायचं, केवढा हा तोरा.

वडील रविवारी शेडमध्ये जाऊन बसत. इंजिन बांधायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. विमानात जो बोल्ट आवळतो तो खूण करत नाही. आवळणारा एक, बघणारा दुसरा, आणि खूण दुसऱ्याने करायची. अण्णांना हे पटलं. त्यांच्याकडेही तशीच रीत होती, फक्त खुणेला पिवळा रंग असायचा. आमच्याकडे रंग नव्हता, माझी लाल नेलपॉलिशची बाटली होती. आवळलेल्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक बारीक लाल रेघ. बोल्ट हलला तर रेघ तुटते, बघणाऱ्याला लगेच कळतं. खूण करायचं काम माझ्याकडे आलं. किशोर म्हणाला, "इन्स्पेक्टर, आमच्या इंजिनाला मेंदी पण काढ."

त्याच सुमारास कुकरची गोष्ट घडली. आईला शेजारी हळदीकुंकवाला जायचं होतं. अण्णा मागच्या पायरीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, काही तरी घासत बसले होते. आई म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की तेवढा गॅस बंद करा." मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. शिट्ट्या मला ऐकू येत होत्या, तिनाच्या पुढेही येत राहिल्या, पण काम अण्णांवर सोपवलेलं म्हणून मी उठले नाही. करपल्याचा वास आला तेव्हा धावले. डाळ काळी ठिक्कर. अण्णा तिथेच बसलेले, खिडकीपासून हातभर अंतरावर.

आई आल्यावर ते म्हणाले, "शिट्टी झालीच नाय, वहिनी. रबर गेलं असंल."

आईने दुसऱ्या दिवशी कुकरचं रबर बदललं. मी अण्णांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते पुन्हा घासायला लागले. इंजिनांच्या आवाजात काढलेली ती सगळी वर्षं. बारीक, तीक्ष्ण आवाज त्यांच्या कानातून गेले होते. त्यात साखरेचा आजार, बोटांच्या टोकांना मुंग्या. आता मी या गोष्टी नावानिशी सांगू शकते. तेव्हा फक्त एवढं कळलं, की अण्णांना टक ऐकू येत नसणार.

टक म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिनातले महत्त्वाचे बोल्ट ज्या लांब पान्याने आवळतात त्यावर ताकद ठरवून ठेवता येते. तेवढी ताकद पोचली की पाना टक असा छोटासा आवाज करतो, हातालाही हलकासा धक्का लागतो. टक झाली की थांबायचं. पुढे ओढलं तर बोल्ट ताणला जातो. दिसायला तो तसाच दिसतो, आतून गेलेला असतो.

पुढच्या वेळी ते पाना घेऊन बसले तेव्हा मी जवळ सरकून बसले. त्यांना काम करताना गोष्टी सांगायची सवय होती: कोइमतूरचा पाऊस, धावपट्टीवर आडवी आलेली म्हैस, शर्यतीच्या सकाळी इंजिनाला नारळ फोडायला आलेला आणि नारळ पायावर पाडून घेतलेला मालक. ते सांगत होते, पाना ओढत होते, आणि टक झाली तशी मी म्हणाले, "हं." ते थांबले. पुढचा बोल्ट. म्हैस उठेना, टक, "हं," ते थांबले. त्या दिवशीचं सगळं काम असंच झालं. उठताना त्यांनी फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "तू गोष्ट चांगली ऐकतेस, पोरी." याहून जास्त आमच्यात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला एक म्हातारा गोष्ट सांगतोय आणि एक मुलगी हुंकार देतेय एवढंच दिसायचं. वडील समोर बसूनही त्यांना कळलं नाही, आणि ते तपासणी खात्यात होते. मला त्याचा अभिमान वाटायचा. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, किंवा मी ती येऊ दिली नव्हती. आवळताना थांबवणारी मी, आणि नंतर बघून लाल रेघ ओढणारीही मीच. दुसरं माणूस उरलंच नव्हतं.

राजगोपाल आले ते पांढऱ्या बुशशर्टमध्ये, मऊ बोलणारे, सगळीकडे बारीक नजर टाकणारे. खडूची गाडी तोवर लोखंडी नळ्यांची खरी गाडी झाली होती. ते तिच्याभोवती दोनदा फिरले, खाली बसून बघितलं, पुन्हा उभे राहिले. त्या दिवशी इंजिनातल्या सर्वांत नाजूक जागेचे बोल्ट आवळायचे होते, पिस्टनच्या दांड्या खाली ज्या टोप्यांनी बांधतात त्यांचे. अण्णांनी ते काम मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवलं होतं. आपला हात त्यांनी बघावा म्हणून. मी कॉफीचे पेले ठेवले आणि रोजच्या जागी बसले. राजगोपालांनी माझ्याकडे बोट करून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. अण्णांनी उत्तर दिलं. राजगोपाल हसले, आणि मग अण्णांचं म्हणणं मला कळावं म्हणूनच की काय, इंग्रजीत म्हणाले, म्हणजे ही घरमालकाची मुलगी, कॉफी करून देते, छान, मला वाटलं तू आता बायकांकडून इंजिनं बांधून घेतोस. गाडीला टेकून उभा असलेला किशोर मोठ्याने हसला.

अण्णा दुसरं काय सांगणार होते? ही माझे कान आहे, असं? ते मला तेव्हाही कळत होतं. अण्णांचं मला फार लागलंही नाही. किशोरचं हसणं लागलं. का लागलं ते त्या वयात स्वतःला विचारलं नाही, आणि आता विचारून काही उपयोग नाही.

अण्णांनी गोष्ट सुरू केली. म्हशीचीच. पहिला बोल्ट, टक, "हं." दुसरा, "हं." अशा निम्म्या टोप्या आवळून झाल्या. मग एका बोल्टला टक झाली आणि मी गप्प बसले. ठरवून नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण ठरवूनच. मला त्यांना एकदा दाखवायचं होतं की मी गप्प बसले तर काय होतं. अण्णांचा खांदा पुढे गेला, आणखी थोडा गेला. गोष्ट मध्येच अडखळली. मग मी म्हणाले, "हं."

ते थांबले. क्षणभर पाना तसाच धरून राहिले. मग पुढच्या बोल्टला लावला.

बाजूच्या डब्यात जादा बोल्ट होते. तो काढून नवा टाकायला कॉफी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला असता. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, अण्णा, हा बदलू या. राजगोपाल समोर होते तोवर म्हणता आलं नाही. ते गेल्यावर सगळे खुशीत होते, आईने मांडे केले होते, तेव्हा म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन वरून झाकून पक्कं बंद केलं होतं. मी सगळ्या बोल्टांवर लाल रेघ ओढली होती, त्या बोल्टवरही. रेघ अगदी सरळ आली होती.

गाडी चालवून बघायला एक बंद पडलेली धावपट्टी दिवसापुरती मिळाली. दोन्ही बाजूंना बाजरी, टोकाला एक बोरीचं झाड. झाडाशी पोचलास की गियर खाली घ्यायचा, त्याआधी नाही, नाहीतर वेगात इंजिन जादा फिरून फुटेल, असं अण्णांनी किशोरला बजावलं होतं. पहिले काही फेरे छान झाले. राजगोपाल घड्याळ बघून मान डोलावत होते. वडिलांनी त्या दिवशी रजा घेतली होती, ते कधी घेत नसत. किशोर आमच्यासमोरून जाताना दर वेळी एक बोट वर करायचा. मग एका फेऱ्याला इंजिनाचा आवाज चढत चढत गेला आणि तुटला. दुरून दिसलं ते एवढंच: पांढरा धूर, आडवी फिरलेली गाडी, आणि एक सुटं चाक बाजरीत पळत गेलेलं. एरंडेलाचा वास आमच्यापर्यंत नंतर आला. किशोरच्या उजव्या पायाचं गुडघ्याखाली काय झालं ते मी पाहिलं आहे आणि इथे लिहिणार नाही. पाय राहिला. चालणं पूर्वीसारखं राहिलं नाही, आणि पेडल दाबण्याच्या कामाचा तो पाय कधीच झाला नाही.

इंजिन शेडमध्ये परत आल्यावर अण्णांनी ते एकट्याने उघडलं. दांडी कवच फोडून बाहेर आली होती. तुटलेला बोल्ट त्यांनी हातात घेऊन खिडकीशी नेला. मी दारात होते. तुटलेल्या जागेजवळ तो कमरेत बारीक झाला होता, ताणला गेल्यावर होतो तसा. त्यांनी तो खिशात टाकला. संध्याकाळी राजगोपालांना, वडिलांना, सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं, "मना हात गया." माझा हात गेला. राजगोपाल समजूतदारपणे निघून गेले. दवाखान्यात किशोर म्हणत होता, "गियर माझाच चुकला, अण्णा. मी झाडाच्या आधीच खाली घेतला. तुम्ही उगाच स्वतःवर घेऊ नका." मी डबा घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. अण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही. आईने डब्यात मऊ भात दिला होता, तो निवत होता.

अण्णा शेड सोडून बागलाणात परत गेले. कोब्यावरची खडूची गाडी कुणी पुसली नाही. ती पायाखाली आपोआप गेली, सगळ्यांत शेवटी गेली ती माणसाची रेघ. मी पुढे शिकले, लग्न झालं, अंबडच्या एका कारखान्यात लागले. तपासणी विभागात. माझी सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. नव्या मुलांना मी फार कडक वाटते. आवळणारा आणि बघणारा एकच माणूस सापडला तर मी आवाज चढवते, एरवी कधी चढवत नाही.

अण्णांना सांगायला मी गेले तोवर माझ्या मुलाची दहावी झाली होती. ते ओट्यावर फवारणीच्या पंपाचं काहीतरी दुरुस्त करत बसले होते. कानाला आता मशीन होतं. मी बरोबर द्राक्षं नेली होती. ती ठेवली, पाणी प्यायले, आणि बसण्याआधीच सांगून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी मी हं उशिरा म्हणाले. मुद्दाम."

ते पंपाकडेच बघत म्हणाले, "ठावूक शे."

"कसं?"

"बोल्ट ताणला का मऊ लागतो, पोरी. बोटाला नाय कळत, खांद्याला कळतं. माझी बोटं गेली व्हती, खांदा कुठं गेला व्हता?"

"मग थांबला का नाहीत?"

"राजगोपाल उभा व्हता ना समोर. थांबलो असतो तं त्यानं इचारलं असतं, का थांबला. मंग सगळंच निघालं असतं." त्यांनी पंपाची नळी तोंडाला लावून फुंकली. "तेवढ्यात तुझं हं आलं. म्हणलं, आलं ना हं. झालं तं मंग."

"डब्यात जादा बोल्ट होते."

"व्हते ना," अण्णा म्हणाले.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी होईल. ते रागावतील, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. एका गोष्टीतले दोन भागीदार बसले होते, एवढंच. मी विचारलं, "किशोरला?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात अंगणातून पावलं आली, एक नेमकं आणि एक ओढलेलं. किशोर चहाचे कप घेऊन येत होता. "या इन्स्पेक्टर! अचानक धाड टाकली का?" मी द्राक्षं पुढे सरकवली. त्याने कप ठेवले, आणि आम्ही तिघं चहा प्यायलो, आणि कांद्याच्या भावावर बोललो. तीच चूक पुन्हा, तशीच, त्याच दोघांनी.

अण्णा गेल्या वर्षी गेले. आता दुसरं कुणी सांगणार नव्हतं. ही पानं लिहायला बसले तेव्हा सुरुवातीच्या वासापर्यंत आले आणि लेखणी ठेवली. ज्याचा पाय अधू झाला त्याच्याआधी हे वाचणाऱ्याला कळणं बरोबर नव्हतं. मी एका सकाळी सटाण्याची गाडी पकडली.

किशोर कांद्याच्या चाळीत होता. बांबूच्या लांबलचक जाळीआड कांदे साठवलेले, आणि तो पुढ्यात ढीग घेऊन पाटावर बसून सडके वेगळे काढत होता. उजवा पाय समोर सरळ. केस पांढरे झालेत. मी दुसऱ्या पाटावर बसले आणि त्याच्याबरोबर कांदे निवडता निवडता सगळं सांगितलं. टक, हं, म्हैस, राजगोपाल, त्याचं हसणं, डब्यातले बोल्ट. अण्णांना माहीत होतं हेही सांगितलं. तो कांदे टाकत राहिला, चांगले इकडे, सडके तिकडे. मग हात थांबला.

"म्हणजे मी हसलो म्हणून?"

"हं," मी म्हणाले. लगेच म्हणाले.

"मी हसलो व्हतो?" त्याला आठवत नव्हतं. तो खरोखर आठवून बघत होता, ते दिसत होतं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होईना. मग तो म्हणाला, "बायकोला सांगू नको. पुरणाचं घातलंय तुझ्यासाठी. तुझ्या ताटातलं उचलून बैलाला घालील ती." मी हसले नाही. तोही हसला नव्हता. "अण्णा पण लय पक्का निघाला," तो म्हणाला. "मी मयतीच्या दिवशी त्यांच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली, गियरची. तुला माहीत हाय?"

"नाही."

त्याने एक कांदा उचलला, अंगठ्याने दाबून बघितला, पण टाकला नाही, हातातच ठेवला. माझ्याकडे न बघता बोलायला लागला. गियर चुकला एवढं सोडलं तर त्या दिवसाबद्दल तो कधी कुणाशी बोलला नव्हता, घरातही नाही.

"टोकाला ते बोरीचं झाड व्हतं ना."

"हं."

"ते आलं का गियर घ्यायचा. इतक्या वर्षांत रोज घेतोय मी तो गियर. झोपताना, गाईचं दूध काढताना, कधीपण. दर टायमाला झाड पुढंच असतं. दर टायमाला मी आधीच घेतो."

"हं."

"पण आता तू म्हणतेस तं... डाव्या अंगाला सावली पडली व्हती, अचानक, मांडीवर. उनात सावली कशाची पडंल, झाडाचीच ना? म्हणजे झाड आलं व्हतं."

"हं," मी म्हणाले. तो पुढे सांगत राहिला.